गाडीसाठी घरचा संगणक: रास्पबेरी पाय ४ बसवण्याची सविस्तर पद्धत

टेबलावर रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक, पुढे नुसता 'पाय') चालवणं आणि गाडीत चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. टेबलावर त्याला स्थिर ५ व्होल्ट मिळतात, पंख्याचा वारा मिळतो आणि बंद करायचा असेल तर माऊसने नीट बंद करता येतो. गाडीत सेल मारताना वीज कोसळते, इंजिन चालू झालं की वर चढते, चावी काढली की क्षणात जाते आणि मे महिन्यात बंद काचांमागे डॅशबोर्ड हात लावू देत नाही. त्यामुळे या कामातली निम्म्याहून जास्त मेहनत वीज आणायची कशी आणि थांबवायची कशी यावर घालवावी, असं माझं ठाम मत आहे. स्क्रीन, नकाशे, गाणी हे सगळं नंतर आरामात जमतं. वीज कच्ची राहिली तर मात्र महिन्या-दोन महिन्यांत मेमरी कार्ड खराब होतं किंवा सकाळी गाडीच चालू होत नाही.

इथे दिलेली रचना २०१३ नंतरच्या साध्या पेट्रोल हॅचबॅकला धरून आहे. डिझेल गाडीत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

आधी ठरवा, याच्याकडून काय करून घ्यायचं

रास्पबेरी पाय गाडीत चार कामं उत्तम करतो: इंजिनच्या संगणकाकडून आकडे वाचून दाखवणं आणि साठवणं, जीपीएसवरून प्रवासाची नोंद ठेवणं, नेटवर्क नसतानाही नकाशा दाखवणं आणि गाणी वाजवणं. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात फोनचं नेटवर्क जातं तेव्हा साठवलेल्या नकाशाची किंमत कळते.

दोन कामं मात्र त्याला देऊ नका. पहिलं म्हणजे रिव्हर्स कॅमेरा. पाय चालू होऊन पडदा दिसायला वीस-तीस सेकंद लागतात आणि पार्किंगमधून गाडी मागे घ्यायची असते ती चावी फिरवल्यावर लगेच. सुरक्षेचं काम अशा यंत्रावर सोडू नये. कॅमेरा हवा असेल तर त्याचा स्वतंत्र छोटा मॉनिटर लावा. दुसरं म्हणजे अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय. ओपनऑटो आणि त्यावर उभारलेला क्रँकशाफ्ट असे मुक्त प्रकल्प आहेत आणि शिकायला छानही आहेत. पण रोजच्या वापरासाठी फक्त अँड्रॉइड ऑटोच हवं असेल तर टेपच्या जागी बसणारा बाजारातला तयार हेड युनिट घ्यावा. पायचा खरा फायदा तयार वस्तूत जे मिळत नाही ते करण्यात आहे.

कोणता पाय घ्यावा

पाय ५ हा बोर्ड ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि वेगाने तो नक्कीच सरस आहे. तरी गाडीसाठी मी पाय ४ सुचवतो. पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्टला ५ अँपिअर लागतात, पाय ४ ला ३ अँपिअर पुरतात. गाडीत प्रत्येक जास्तीचा वॅट म्हणजे जास्तीची उष्णता. शिवाय पाय ५ वर ३.५ मिमीचं ऑडिओ सॉकेट नाही. पाय ४ चा २ जीबीचा बोर्ड पुरतो, पण पुढे सांगितलेल्या पद्धतीत मेमरीवर थोडा भार येतो म्हणून ४ जीबी घेतला तर बरं.

पडदा नको, फक्त नोंदी हव्यात असं असेल तर झीरो २ डब्ल्यू पुरेसा आहे. त्याची मेमरी ५१२ एमबी आहे, पण आकडे वाचून फाइलमध्ये लिहायला तेवढी पुष्कळ झाली.

सामान

पाय ४ आणि अ‍ॅल्युमिनियमचा जाड केस, ज्याचं झाकणच चिपला टेकून हीटसिंकचं काम करतं. हाय एन्ड्युरन्स प्रकारचं ३२ जीबी मायक्रोएसडी कार्ड, म्हणजे डॅशकॅमसाठी विकतात ते. नोंदींसाठी वेगळा पेन ड्राइव्ह. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा, किमान ५ अँपिअरचा, इपॉक्सी ओतून बंद केलेला बक कन्व्हर्टर. १२ व्होल्टचा ऑफ-डिले टायमर रिले. पीसी८१७ हा ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग), २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि १एन४१४८ डायोड. दोन फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागेवरून वेगळी वायर काढायचे तुकडे. ओबीडी (गाडीच्या तपासणी सॉकेटचा) अ‍ॅडॅप्टर, यूएसबी जीपीएस, सात इंची टच स्क्रीन. शिवाय ०.५ आणि १ चौरस मिमीची वायर, थिंबल, क्रिम्पिंग प्लायर, हीट श्रिंक स्लीव्ह आणि एक बरा मल्टिमीटर.

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे यातलं बहुतेक सगळं एका फेरीत मिळतं. टायमर रिले घेताना दुकानदाराला नेमकं सांगा: सिग्नल आहे तोवर चालू, सिग्नल गेल्यावर ठरावीक वेळाने बंद. बाजारात उलट वागणारे, म्हणजे सिग्नल आल्यावर उशिरा चालू होणारे मॉड्यूलही तसेच दिसतात.

पायरी पहिली: सगळं आधी टेबलावर

गाडीचा एकही स्क्रू काढण्याआधी पूर्ण यंत्रणा घरात उभी करा. रास्पबेरी पाय इमेजरने कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लिहा. त्याच वेळी युजरनेम, वाय-फाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून पाय चालवायची सोय) यांची सेटिंग भरून टाका. वाय-फायमध्ये घरच्या राउटरबरोबर तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटचंही नाव नोंदवा, म्हणजे गाडीत बसून लॅपटॉपवरून दुरुस्त्या करता येतात.

मग कन्व्हर्टरला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर किंवा जुनी बॅटरी जोडून पाय चालवा. कन्व्हर्टरला व्होल्टेज बदलायचा स्क्रू असेल तर तो ५.१ व्होल्टवर आणा. पायची वीज ४.६३ व्होल्टच्या खाली गेली की पडद्यावर विजेची खूण येते. ती एकदाही दिसता कामा नये.

ही खूण दिसते तेव्हा बहुतेक जण कन्व्हर्टर बदलतात. दोष बहुधा वायरीचा असतो. साध्या चार्जिंग केबलच्या आत वीज नेणारी तार कित्येकदा जेमतेम ०.०८ चौरस मिमीची असते. एक मीटर लांबीच्या अशा तारेचा जाऊन-येऊन विरोध सुमारे ०.४३ ओहम होतो. दोन अँपिअर वाहिले की ०.८६ व्होल्ट वाटेतच गेले, आणि ५.१ व्होल्टचे पायपाशी ४.२४ उरले. तीच लांबी ०.५ चौरस मिमीच्या वायरने केली तर तूट ०.१५ व्होल्टच्या आत राहते. म्हणून कन्व्हर्टर पायच्या जवळ ठेवा, १२ व्होल्टची वायर लांब न्या आणि ५ व्होल्टची शक्य तितकी आखूड ठेवा.

खात्री करायला पायवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा आहे. उत्तर शून्य आलं तर चालू झाल्यापासून वीज एकदाही कमी पडलेली नाही. ५०००० असा आकडा आला तर आत्ता ठीक आहे, पण मध्ये कधीतरी वीज कमी पडली होती आणि वेगही कमी केला गेला होता. पडदा पूर्ण उजेडावर आणि गाणी चालू ठेवून तासभर चालवा, मग ही तपासणी करा.

पायरी दुसरी: गाडीची वीज समजून घ्या

नावाला १२ व्होल्ट म्हणतात, पण प्रत्यक्षात तो आकडा सतत हलत असतो. पूर्ण चार्ज झालेली, निवांत पडलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ वर नेतो. सेल मारताना क्षणभर ९ व्होल्टपर्यंत आणि जुन्या बॅटरीत त्याहून खाली घसरण होते. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन सुटलं तर उलट मोठा झटका येतो आणि तो काही दशक व्होल्टचा असू शकतो. म्हणून कन्व्हर्टरची इनपुट मर्यादा खालच्या बाजूला ८ व्होल्ट किंवा कमी आणि वरच्या बाजूला ३२ ते ४० व्होल्ट असावी. ट्रकच्या २४ व्होल्टलाही चालणारे कन्व्हर्टर साधारण या मापाचे असतात, म्हणून तेच घ्यावेत.

गाडीत वीज दोन प्रकारची मिळते. एक कायमची, जी चावी काढली तरी असते. दुसरी अ‍ॅक्सेसरीची, जी चावी पहिल्या टप्प्यावर आली की सुरू होते. फक्त कायमची वीज दिली तर पाय दिवसरात्र चालू राहतो. पडदा बंद असतानाही तो साधारण ३ ते ४ वॅट खातो, म्हणजे बॅटरीतून अंदाजे ०.३ अँपिअर आणि दिवसाला ७ अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते. तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल लागायची पंचाईत. उलट फक्त अ‍ॅक्सेसरीची वीज दिली तर चावी काढताक्षणी पाय मरतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत सेल मारताना अ‍ॅक्सेसरी लाइन तात्पुरती तोडली जाते, त्यामुळे गाडी चालू करताना पाय एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

म्हणून दोन्ही लागतात. कायमच्या विजेवर पाय चालतो आणि अ‍ॅक्सेसरीची लाइन फक्त निरोप देते.

पायरी तिसरी: जोडणी

बॅटरीचं ऋण टर्मिनल आधी काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेतली साठलेली वीज उतरते. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरींना कोणत्याही कारणाने हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

फ्यूजबॉक्समध्ये कोणता फ्यूज कायमचा आणि कोणता अ‍ॅक्सेसरीचा हे त्याआधीच, बॅटरी जोडलेली असताना मल्टिमीटरने पाहून ठेवा. चावी बाहेर असतानाही १२ दाखवतो तो कायमचा. चावी पहिल्या टप्प्यावर आणल्यावरच दाखवतो तो अ‍ॅक्सेसरीचा. सिगारेट लायटरचा किंवा टेपचा फ्यूज त्यासाठी बरा. एबीएस, एअरबॅग, इंजिनच्या संगणकाचे (ईसीयू) फ्यूज सोडून द्या. फ्यूज टॅप लावला की मूळ वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीत किंवा विम्यात उगाच प्रश्न उभा राहत नाही.

कायमच्या लाइनवर ३ अँपिअरचा फ्यूज. सगळी यंत्रणा मिळून १५ वॅट धरली तरी १२ व्होल्टला सव्वा अँपिअरच होतात, त्यामुळे ३ पुरतो. तिथून वायर टायमर रिलेला आणि रिलेच्या कॉमन टोकाला. रिलेच्या नॉर्मली ओपन टोकातून कन्व्हर्टरला. अ‍ॅक्सेसरीची वायर १ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ट्रिगरला. अर्थिंग मूळ बोल्टवर, रंग घासून, थिंबल लावून घ्या. रिले, कन्व्हर्टर आणि ऑप्टोकपलर या सगळ्यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर यावं, याचा उपयोग पुढे गाण्यांच्या वेळी होतो. रिलेचा वेळ ६० सेकंद ठेवा.

आता पायला चावीची खबर द्यायची. पायच्या जीपीआयओ, म्हणजे सिग्नल घेण्या-देण्याच्या पिनना ३.३ व्होल्टच चालतात, १२ व्होल्ट लागले तर बोर्ड जळतो. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर. अ‍ॅक्सेसरीची वायर २.२ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून पीसी८१७ च्या पहिल्या पिनला, दुसरी पिन अर्थिंगला. १४.४ व्होल्टलाही आतल्या एलईडीतून ६ मिलिअँपिअरच वाहतात. उलट झटक्यापासून बचावासाठी त्या दोन पिनांवर १एन४१४८ उलटा लावा, म्हणजे डायोडची रेघ असलेली बाजू पहिल्या पिनकडे. पीसी८१७ ची चौथी पिन पायच्या जीपीआयओ १७ ला, म्हणजे पट्टीवरच्या ११ व्या पिनला. तिसरी पिन रास्पबेरी पायच्या ग्राउंडला. सॉफ्टवेअरमध्ये जीपीआयओ १७ ला पुल-अप द्या, म्हणजे एरवी ती पिन एकवर राहते. चावी चालू असेल तेव्हा पिन शून्य वाचते, चावी काढली की एक.

पायरी चौथी: बंद करायचाच नाही

इथे नेहमीची पद्धत अशी सांगतात: चावी काढली की पायला शटडाउन द्या आणि मग रिलेने वीज तोडा. यात एक खाच आहे. पेट्रोल भरायला थांबलात, चावी काढली, पाय शटडाउन झाला आणि रिलेचा वेळ संपायच्या आत तुम्ही परत चावी फिरवली. रिले काही तुटला नाही, म्हणजे वीज कधी गेलीच नाही. पाय मात्र झोपलेला. आता तो उठणार नाही, पुन्हा चावी काढून मिनिटभर थांबावं लागतं.

त्यापेक्षा पाय असा तयार करा की वीज कधीही तोडली तरी चालेल. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये परफॉर्मन्स विभागात ओव्हरले फाइल सिस्टम आहे, ती चालू करा. मग मेमरी कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. सगळे बदल तात्पुरते रॅममध्ये राहतात आणि वीज गेली की विरतात. अर्धवट लिहिताना वीज गेल्याने कार्ड खराब होतं, ती शक्यताच यात जवळजवळ संपते. बूट पार्टिशनही फक्त वाचण्यापुरतं ठेवायचं का असं तो विचारतो, हो म्हणा.

नोंदी जातात वेगळ्या पेन ड्राइव्हवर, ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये. पायथनमध्ये जीपीआयओझीरो वापरून एक छोटा प्रोग्राम लिहा, जो सेकंदाला एकदा १७ नंबरची पिन वाचतो. सलग दहा सेकंद एक दिसला की तो नोंदी थांबवतो, फाइल बंद करतो, पेन ड्राइव्ह अनमाउंट करतो आणि पडदा विझवतो. सेल मारायला दोन-तीन सेकंद लागतात, त्यामुळे दहा सेकंदांच्या अटीमुळे सेलच्या वेळची खोटी खबर गाळली जाते. चावी परत आली आणि पिन शून्य झाली की पेन ड्राइव्ह माउंट, पडदा चालू, नोंदी सुरू. चावी आली नाही तर साठाव्या सेकंदाला रिले वीज तोडतो. पेट्रोल पंपावरचा थांबा यात सहज निभावतो.

ओव्हरलेच्या काही अटी आहेत. ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरचं पेअरिंग, वाय-फायचे पासवर्ड, प्रोग्राममधल्या दुरुस्त्या हे सगळं ओव्हरले चालू करण्याआधी करा, नाहीतर पुढच्या वेळी ते गेलेलं असेल. बदल करायचा झाला की ओव्हरले बंद, रीस्टार्ट, बदल, पुन्हा चालू. दुसरी अट वेळेची. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. शेवटची वेळ तो कार्डावर लिहून ठेवतो आणि आता तिथे लिहिता येत नाही. म्हणजे दर वेळी तो त्याच जुन्या तारखेला जागा होतो. जीपीएसकडून वेळ घेतली तर हा प्रश्न सुटतो, नाहीतर डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल लावा.

पायरी पाचवी: जागा आणि उष्णता

पाय ४ साठी भोवतालचं तापमान ० ते ५० अंश असावं असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. चिप ८० अंशांवर गेली की तो स्वतःचा वेग कमी करू लागतो. विदर्भात, खानदेशात उन्हाळ्यात उघड्यावर उभी केलेली गाडी आतून या मर्यादेपलीकडे सहज जाते आणि डॅशबोर्डचा वरचा भाग तर फारच पुढे. म्हणून पाय डॅशबोर्डवर किंवा पडद्याच्या पाठीला चिकटवू नका. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा पुढच्या सीटखाली ठेवा. सीटखाली ठेवला तर पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी मॅटखाली जातं, म्हणून जमिनीपासून दोन इंच वर पट्टीवर बसवा.

पॉवर बँक किंवा लिथियम बॅटरी असलेला यूपीएस बोर्ड गाडीत ठेवू नये, असं मी आग्रहाने सांगतो. इतक्या उष्णतेत लिथियम पॉलिमर सेल फुगतो आणि पेटण्याचा धोका असतो. वरच्या रचनेत त्याची गरजही नाही.

पडदा निवडताना आकारापेक्षा उजेड पाहा. साध्या सात इंची पडद्यांवर दुपारच्या उन्हात काही दिसत नाही. ५०० निट्सच्या खालचा घेऊ नये. जुना टेप काढून तिथे बसवायचं असेल तर डबल डिनची, म्हणजे मोठ्या मापाच्या टेपची, खिडकी साधारण १८० बाय १०० मिमीची असते. सात इंची पडद्याची काचच तेवढी भरते आणि बोर्डाचे कोपरे अडतात, म्हणून आधी पुठ्ठा कापून मापून बघा. पडद्याची आणि जीपीएसची वायर नेताना विंडशील्डच्या बाजूच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर तिच्यावरून नेऊ नका.

पायरी सहावी: इंजिनशी बोलणं

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्या हे बोलतात. सॉकेटमधली १६ नंबरची पिन कायमच्या १२ व्होल्टची, ४ आणि ५ अर्थिंगच्या, ६ आणि १४ कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या.

सर्वांत सोपा मार्ग ईएलएम३२७ अ‍ॅडॅप्टरचा. मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीची होती आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात दिसतात त्या बहुतेक नकला. त्यांतल्या पुष्कळांवर '१.५' लिहिलेलं असतं, पण मूळ कंपनीने १.४ नंतर थेट २.० काढली होती, १.५ कधी नव्हतीच. त्यातल्या काही नकला चांगल्या चालतात. '२.१' लिहिलेल्या अनेक स्वस्त नकला मात्र कित्येक आज्ञा गाळतात. माझी पसंती यूएसबीवाल्याला, कारण ब्लूटूथचं तुटणं-जोडणं टळतं. आणि १६ नंबरची पिन कायम चालू असल्यामुळे अ‍ॅडॅप्टर सॉकेटमध्ये राहिला तर रात्रभर बॅटरी खात राहतो. बटण असलेला अ‍ॅडॅप्टर मिळाला तर तोच घ्या.

पहिली ओळख हाताने करा. सीरियल टर्मिनल ३८४०० वेगावर उघडा. एटीझेड लिहिलं की अ‍ॅडॅप्टर स्वतःचं नाव सांगतो. एटीएसपी० लिहिलं की गाडीची भाषा तो स्वतः शोधतो. मग ०१०सी, म्हणजे इंजिनचे फेरे किती. उत्तर येतं असं काहीतरी: ४१ ०सी १ए एफ८. पहिले दोन भाग प्रश्नाची पोच आहेत. १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. २६ गुणिले २५६ अधिक २४८ बरोबर ६९०४, त्याला ४ ने भागलं की १७२६ आरपीएम. टॅकोमीटरचा काटाही तिथेच असतो. गाडीच्या पोटातला आकडा असा आपल्या हातांनी सोडवण्यात जी मजा आहे, ती तयार अ‍ॅपमध्ये नाही.

पुढे हे सगळं पायथन-ओबीडी ही लायब्ररी करते. ०५ हा कोड कूलंटच्या तापमानाचा, आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे. ०डी वेगाचा, ४२ व्होल्टेजचा. आरपीएम आणि वेग सेकंदाला एकदा विचारा, तापमान दहा सेकंदांतून एकदा पुरतं. सगळं विचारत बसलात तर अ‍ॅडॅप्टर मागे पडतो. गाडी काय उत्तर देते आणि काय देत नाही हे प्रत्येक मॉडेलगणिक वेगळं असतं, लायब्ररी ती यादी काढून देते.

अ‍ॅव्हरेज काढायचं असेल तर थोडं गणित लागतं. गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असेल तर १० हा कोड सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते सांगतो. पेट्रोल जळताना १ ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते आणि लिटरभर पेट्रोल साधारण ७४५ ग्रॅम भरतं. समजा ६० च्या वेगाला ८ ग्रॅम हवा जाते आहे. ८ गुणिले ३६००, भागिले १४.७, भागिले ७४५, म्हणजे तासाला २.६३ लिटर. ६० भागिले २.६३, अ‍ॅव्हरेज २२.८. अनेक लहान गाड्यांत हा सेन्सर नसतो, फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा असतो. तिथे दाब, हवेचं तापमान, आरपीएम आणि इंजिनची सीसी यांवरून हवा काढावी लागते आणि टाकी ते टाकी भरून एकदा आकडा जुळवून घ्यावा लागतो. डिझेलमध्ये हे गणित चालत नाही, कारण डिझेल इंजिन गरजेपेक्षा बरीच जास्त हवा घेतं.

चेक इंजिनचा दिवा लागला तर त्यामागचा कोडही वाचता येतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. कोड पुसून टाकायचीही आज्ञा आहे. ती वापरण्याआधी कोड लिहून ठेवा, मेकॅनिकला तोच धागा असतो.

थेट कॅन बसला जोडणारे बोर्डही मिळतात. ते घेतलेत तर बोर्डावरचा १२० ओहमचा जंपर काढा, गाडीच्या बसवर तो आधीच दोन्ही टोकांना असतो. आणि फक्त ऐका. त्या बसवर ब्रेक आणि इंजिन एकमेकांशी बोलत असतात, तिथे आपला संदेश सोडू नये.

जीपीएस, नकाशा, गाणी

यूएसबी जीपीएस विंडशील्डजवळ, आकाश दिसेल असा ठेवा. जीपीएसचे आकडे वाचणारा जीपीएसडी बसवा आणि घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीला त्याच्याकडून वेळ घ्यायला सांगा. मोकळ्या आकाशाखाली अर्ध्या-एक मिनिटात जागा सापडते. नकाशासाठी नॅव्हिट हा प्रोग्राम, त्यात ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा महाराष्ट्र-गोव्यापुरता तुकडा घाला. पूर्ण भारताचा घातला तर शोध रेंगाळतो. खेड्यांतले रस्ते काही ठिकाणी अपुरे आहेत, ते ओपनस्ट्रीटमॅपवर आपण स्वतः भरू शकतो आणि भरावेतही.

गाण्यांसाठी एमपीडी हा प्लेअर पुरतो. पायच्या ३.५ मिमी सॉकेटचा आवाज साधारण आहे, छोटा यूएसबी डीएसी (आवाजाचं बाहेरचं कार्ड) घेतला की फरक लगेच कळतो. आवाज गाडीच्या मूळ टेपच्या ऑक्सला द्या, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर कशाला. स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी किणकिण आली तर ती ग्राउंड लूपची, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमुळे येणारी. अर्थिंग एकाच बोल्टवर घेतलं असेल तर ती सहसा येत नाही. तरी राहिलीच तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला.

गाडी चालत असताना पडद्यावर मोठे चार आकडे आणि नकाशा एवढंच असावं. जीपीएसचा वेग पाचच्या वर गेला की मेनू आणि कीबोर्ड आपोआप लपतील अशी अट प्रोग्राममध्येच घाला. व्हिडिओ तर नकोच.

शेवटची तपासणी

सगळं बसवल्यावर चावी काढा, दारं लॉक करा आणि अर्धा तास जाऊ द्या, कारण गाडीचे आतले संगणक झोपायला तेवढा वेळ घेतात. बॉनेट आधीच उघडं ठेवून त्याची कडी पेचकसाने बसवून ठेवा, नाहीतर गाडी जागीच राहते. मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी ठेवून, बॅटरीच्या ऋण टर्मिनल आणि वायरीच्या मध्ये लावा. बहुतेक गाड्यांत २० ते ५० मिलिअँपिअर दिसतात. रिलेचे पाच-दहा त्यात धरले तरी ठीक. १०० च्या वर असेल तर आधी ओबीडी अ‍ॅडॅप्टर काढून बघा, मग रिलेचा फ्यूज. मीटर मध्ये असताना सेल मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

आठवडाभर सगळं नीट चाललं की ओव्हरले बंद करून मेन्यूतल्या एसडी कार्ड कॉपिअरने कार्डाची दुसरी प्रत करा. ती घरात, डबीत तारीख लिहून ठेवा. गाडीतलं कार्ड कधी गेलंच तर पाच मिनिटांत यंत्रणा उभी राहते.